परवाना कुणाला, कुणाच्या मर्जीनं?

(येरमाळा येथे सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या तरुणांच्या बैठकीतील भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



इथं बसलेल्या निम्म्या लोकांना मी लहानपणापासून ओळखतो. उरलेल्या निम्म्यांनी कधी ना कधी मला फोन करून विचारलंय, "भाई, ये फॉर्म कैसा भरना?" पीक विम्याचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा, पासपोर्टचा, हजचा. पोरगा इंजिनिअर आहे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हटल्यावर खानदानातली सगळी ऑनलाइन कामं आपोआप माझ्याकडे येतात. येरमाळा माझं आजोळ. चैत्राच्या यात्रेत नानांचं बांगड्यांचं दुकान लागायचं, तेव्हा गल्ल्यावर बसायला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचो. चुनखडी वेचायला लोटलेली ती गर्दी अजून डोळ्यांपुढे आहे. त्यामुळे इथल्या माणसांना नाही म्हणणं मला जमत नाही.

या वर्षी रमजान ईदला मोठ्या मामेभावानं शीरखुर्म्याची वाटी हातात दिली आणि म्हणाला, "छोटे, एक फॉर्म है. जरा भर के दे." मला वाटलं, असेल कर्जाचा वगैरे. मोबाइल पुढे केला तर बंदुकीच्या परवान्याचा.

आज मी त्या फॉर्मवर बोलणार आहे. आयोजकांनी विषय दिला होता 'तरुण आणि डिजिटल संधी'. त्यांची माफी मागतो.

आधी भाईजानची बाजू सांगतो, कारण तो काही रील बनवणारा माणूस नाही. त्याचा खडी क्रशर आहे, दोन टिप्पर आहेत. आपल्या वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्या रस्त्यांना तो मुरूम आणि खडी देतो. जानेवारीत त्याला दोन फोन आले. धंदा करायचा असेल तर महिन्याला इतके पोचवायचे. तो ठाण्यात गेला. कुठल्या ते सांगत नाही. साध्या कागदावर अर्ज घेतला, "बघतो" म्हणाले. त्याच सुमारास सगळ्यांच्या मोबाइलवर मस्साजोगच्या बातम्या होत्या. केज तालुका आपल्या कळंबला खेटून आहे, मस्साजोग काही परमुलुख नव्हे. तिथले सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण झालं आणि मारून मारून त्यांचा जीव घेतला गेला. पवनचक्की कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली होती, त्यातून हे झालं असं आरोपपत्र सांगतं. पवनचक्की, खंडणी, खून. हे तीन शब्द एका ओळीत वाचल्यावर पवनचक्कीला खडी देणाऱ्या माणसाची झोप उडणारच.

त्यात व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ फिरत होता. मुसलमानांनी आता परवाने काढावेत, कायद्यानं हक्क आहे, मार खात किती दिवस बसणार, अशा अर्थाचा. आणि भाईजानचा शेवटचा मुद्दा माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. "तू तो अमेरिका में रह के आया. उधर घर-घर में बंदूक रहती. किसी की हिम्मत होती क्या?"

मी कामानिमित्त चौदा महिने टेक्सासमध्ये होतो. म्हणून आधी तिकडचं सांगतो आणि मग घरी येतो.

माझ्या टीममध्ये एक साठीकडे झुकलेला गोरा माणूस होता. अत्यंत सज्जन. मी नवा असताना थंडीचा कोट घ्यायला स्वतः घेऊन गेला. त्याच्या गॅरेजमध्ये एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात सात बंदुका. तो रिपब्लिकन, म्हणजे तिकडचा उजवा. शेजारच्या टेबलावरची बाई डेमोक्रॅट, तिच्या मते हे कपाट म्हणजे वेडेपणा. दोघं रोज एकत्र जेवायचे, पण हा विषय निघाला की डबा बंद. प्यू या संशोधन संस्थेनं २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत रिपब्लिकनांकडे झुकणाऱ्या १०० पैकी ४५ जणांनी स्वतःची बंदूक असल्याचं सांगितलं, डेमोक्रॅटांकडे झुकणाऱ्यांत फक्त २० जणांनी. तिथं माणसाकडे बंदूक आहे का, एवढं कळलं तरी तो मत कुणाला देतो याचा अंदाज बांधता येतो.

उजव्यांचं म्हणणं असं की बंदूक हा १७९१ च्या घटनादुरुस्तीनं दिलेला हक्क आहे. सरकार जुलमी झालं किंवा चोर घरात आला तर नागरिक कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाही. डाव्यांचं म्हणणं, या हक्काची किंमत शाळेतली पोरं मोजतात. दोन्ही बाजू मी ऐकल्या आणि आपल्या पद्धतीनं एक बाजू पकडूनही टाकली. आपण मुसलमान, अल्पसंख्य, म्हणून लिबरल. लिबरल म्हणून बंदुकीच्या विरोधात. इतका सोपा हिशेब.

तो हिशेब पुढे वाचताना बिघडला. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाची काळी तरुण पोरं भरलेल्या बंदुका उघड्यावर घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरू लागली. पोलीस काळ्यांना कसे वागवतात यावर नजर ठेवायला. तेव्हाच्या कायद्यात ते चालत होतं. २ मे रोजी त्यांतले काही जण बंदुकांसह थेट विधिमंडळाच्या इमारतीत शिरले. त्यानंतर काय झालं? भरलेली बंदूक उघड्यावर बाळगायला बंदी करणाऱ्या कायद्यावर सही झाली. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रीगन, पुढे उजव्यांचे सगळ्यात लाडके राष्ट्राध्यक्ष. बंदूकवाल्यांची सगळ्यात मोठी संघटना, एनआरए, तिनंही त्या कायद्याला पाठिंबा दिला. हक्क पवित्र होता, पण काळ्या हातात दिसेपर्यंत.

त्याआधी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला, तेव्हा त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. अहिंसेचा एवढा मोठा माणूस, पण घरात बायको आणि तान्ही मुलगी होती. अर्ज फेटाळला. आणि २०१६ मध्ये फिलांडो कॅस्टिल हा काळा तरुण गाडी चालवत होता, पोलिसानं थांबवलं. कॅस्टिलकडे रीतसर परवाना होता. त्यानं अदबीनं सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. पोलिसानं त्याला गाडीतच गोळ्या घातल्या, मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी बसलेली होती. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला.

भाईजानला मी हे सांगितलं. म्हटलं, तू रात्री क्रशरवरून येतोय, नाक्यावर गाडी थांबवली, तू सांगितलंस की कमरेला पिस्तूल आहे आणि नाव सांगितलंस. पुढचं तूच सांग. तो काही बोलला नाही. भाभी मात्र आतून बोलली.

भाभीचं नंतर सांगतो. आता घरी येऊ.

दोन-चार दिवसांत १७ सप्टेंबर येतोय, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाला आपण जातो, शाळेत भाषणंही केलीत. पण आपल्या घरांतली म्हातारी माणसं या दिवसाला दुसऱ्याच नावानं ओळखायची: पुलिस ॲक्शन. माझी नानी तेव्हा दहा वर्षांची होती. तिच्या सांगण्यात त्या दिवसांतली एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. तिच्या वडिलांकडे ठासणीची जुनी बंदूक होती, रानडुकरं हाकायला. फौज आल्यावर दवंडी पिटली गेली आणि ती बंदूक चावडीवर जमा झाली. कुऱ्हाड आणि विळासुद्धा नेला, म्हणायची. शेजारच्या आळीतल्या बंदुका मात्र आपापल्या खुंटीवरच राहिल्या. पुढचे आठ दिवस नानी, तिची आई आणि तिघं भावंडं गावच्या एका मराठा कुटुंबाच्या कडब्याच्या गंजीमागे होती. त्या घरच्या आजीनं रात्री भाकरी आणून दिली. नानीचे वडील परत आले नाहीत.

मी मोठा झाल्यावर मला वाटायचं, म्हातारीच्या आठवणीत काही मीठमसाला असेल. मग सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना सरकारनं हैदराबाद संस्थानात पाठवलं होतं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ असे ते फिरले. त्यांचा अंदाज, संपूर्ण संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात जास्त सोसलेले चार जिल्हे त्यांनी नावानिशी सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. पहिलं नाव आपलं. आणि त्याच अहवालात लिहिलंय की मुसलमानांची हत्यारं काढून घेतली गेली आणि हिंदूंकडची पुष्कळदा तशीच राहू दिली. नानीची खुंटी मला सरकारी कागदात सापडली. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याच्या नोंदीही त्यात आहेत, म्हणजे कडब्याची गंजीही सापडली. अहवाल पुढे कित्येक दशकं कुणाला वाचायला मिळाला नाही, आता दिल्लीत पाहता येतो.

पण इथं थांबलो तर मी तुमच्याशी अर्धं खोटं बोलल्यासारखं होईल. कारण त्या सप्टेंबरच्या आधी बंदुका कुणाच्या हातात होत्या? रझाकारांच्या. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात. वकील माणूस, कायदा शिकलेला. त्यानं मुसलमान पोरांच्या हातात बंदुका दिल्या आणि सांगितलं की आता तुम्ही सुरक्षित आहात. त्या बंदुकांनी गावोगाव वसुली झाली, लूट झाली, माणसं मारली गेली. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी संस्थानानं भारतात यावं असं लिहिलं, तर ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या आणि हात तोडला. मुसलमान संपादकाला, मुसलमानांचं रक्षण करायला निघालेल्यांनी. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. त्याच्या बंदुकांचा हिशेब चुकता केला नानीच्या वडिलांनी, ज्यांनी आयुष्यात रानडुकराखेरीज कशावर नेम धरला नव्हता.

त्याच संस्थानात, तेलंगणाच्या बाजूला, कम्युनिस्ट बंदुका घेऊन निजामाच्या आणि देशमुखांच्या विरोधात लढत होते. सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरच्या बाजूला स्टेट काँग्रेसच्या लोकांच्या छावण्या होत्या, त्यांच्याकडेही हत्यारं होती. म्हणजे डावे, उजवे, मधले, सगळ्यांकडे बंदूक. फक्त प्रत्येकाला दुसऱ्याच्या हातातली खुपत होती.

म्हणून उजवे बंदुकीच्या बाजूनं आणि डावे विरोधात ही अमेरिकेची मांडणी आपल्याकडे लागू पडत नाही, असं माझं मत आहे. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्रबंदीचा कायदा केला, त्यावर गांधीजींचाही राग होता. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. घटना समितीत हा हक्क मागणारे हरी विष्णू कामत हे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमधले, म्हणजे डावीकडचे. त्यांची दुरुस्ती चर्चेला आली डिसेंबर १९४८ च्या पहिल्या आठवड्यात. तारखा जुळवून बघा. दिल्लीत घटना समिती शस्त्रांच्या हक्कावर बोलत होती आणि त्याच दिवसांत सुंदरलाल आपल्या भागातल्या विधवांशी बोलत फिरत होते.

कामतांना विरोध केला बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचा मुद्दा असा की कुणीही उठून बाजारातून हवं ते हत्यार विकत घेऊ लागला तर राज्य चालवणं शक्य नाही. दुरुस्ती फेटाळली गेली. मला इथं बाबासाहेब महत्त्वाचे वाटतात, कारण ज्या समाजावर हजारो वर्षं गावानं हात उचलला त्या समाजाचा हा माणूस. त्यांना स्वसंरक्षणाची गरज कळत नव्हती असं कोण म्हणेल? तरी त्यांनी हा हक्क नको म्हटलं. बाजारात बंदुका मोकळ्या झाल्या तर त्या आधी कोण घेणार, हे गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजातल्या माणसाला कळत असणार. हा अर्थ मी काढतोय, त्यांच्या तोंडी घालत नाही.

त्यामुळे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, पोलिसांचा अहवाल येतो, मग निर्णय. वय किमान २१. तुमच्याकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं आणि अपील करता येतं. कागदावर चांगला कायदा आहे. आमच्या क्षेत्रातली भाषा वापरायची तर ही परवानग्यांची यंत्रणा आहे. सगळ्यांना आधी नकार, आणि कारण पटलं तरच प्रवेश. पण अशा प्रत्येक यंत्रणेत खरा प्रश्न एकच असतो, ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे?

आसाम बघा. मे २०२५ च्या अखेरीस तिथल्या मंत्रिमंडळानं ठरवलं की संवेदनशील भागांतल्या मूळ रहिवाशांना सढळ हातानं शस्त्र परवाने देऊ. नावं घेतलेले जिल्हे धुबरी, बारपेटा, नगाव वगैरे, जिथं मुसलमान जास्त आहेत. मूळ रहिवासी म्हणजे कोण, हे सरकार ठरवणार. म्हणजे हा हक्क सगळ्यांना दिलेला नाही. कुणाच्या विरोधात कुणाला बंदूक, एवढं ठरवलेलं आहे. पण याच पक्षाच्या केंद्र सरकारनं २०१९ मध्ये कायदा कडक केला होता. एका माणसाला तीन बंदुका चालायच्या, त्या एकवर आणायच्या असा प्रस्ताव होता, ओरड झाली आणि दोनवर तडजोड झाली. ओरड करणाऱ्यांत पंजाबचे तेव्हाचे काँग्रेसचे मुख्यमंत्री होते! लग्नावरातीत हवेत गोळीबार करणं हाही त्याच दुरुस्तीनं गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद. आता तुम्हीच सांगा, कोण डावा आणि कोण उजवा.

आणि आपल्या लोकांतही हा विचार नवा नाही. २०१९ च्या जुलैत, झुंडबळींच्या बातम्या रोज येत होत्या तेव्हा, दिल्लीचे वकील महमूद प्राचा यांनी मुसलमान आणि दलितांना परवान्याचे अर्ज शिकवण्याची मोहीम काढली होती. लखनौमध्ये मौलाना कल्बे जवाद यांच्यासोबत शिबिर जाहीर झालं, मग ते पुढे ढकललं गेलं. प्राचांचा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. कायद्यात बसतं ते मागायला लाजायचं कशाला, हे मलाही पटतं. पण परवान्याच्या अर्जावर ज्या ठाण्याचा अहवाल लागतो, ते ठाणं तुमची तक्रार नोंदवत नसेल तर परवान्याची शिफारस कशी करेल? आणि करत असेल, तर बंदूक कशाला हवी?

याचं उत्तर मला बीडनं दिलं. मस्साजोगनंतर बाहेर आलं की बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्यांची संख्या बाराशेच्या वर आहे. दुष्काळी जिल्हा, ऊसतोड कामगारांचा जिल्हा. .३२ चं रिव्हॉल्व्हर लाखाच्या घरात पडतं. कुणी घेतली असतील? ज्यांच्यावर आधीच गुन्हे आहेत त्यांच्याही नावांवर परवाने निघाले, हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ निघाले. नंतर पोलीस अधीक्षकांनी प्रस्ताव पाठवले आणि शंभराहून जास्त परवाने रद्द झाले. चांगलं झालं. पण रद्द करण्यासारखे होते तर दिले कुणी, कुणाच्या शिफारशीवर, यावर फार कुणी बोललं नाही. परवाना हे तिथं सत्तेच्या जवळ असल्याचं प्रशस्तिपत्र होतं, पांढऱ्या स्कॉर्पिओसारखं.

आणि एवढ्या बाराशे बंदुकांच्या जिल्ह्यात संतोष देशमुखांना कशानं मारलं? पाइप आणि काठ्यांनी. ते पडले होते कशात, तर कंपनीच्या आवारातल्या वॉचमनला मारहाण झाली, त्यात. गावचा सरपंच म्हणून. त्यांच्याकडे पिस्तूल असतं तर ते वाचले असते का? भाईजान म्हणतो, कदाचित. मी म्हणतो, भर रस्त्यात गाडी अडवून पाच-सहा जण खेचायला आले तर पिस्तूल पहिल्यांदा त्यांच्या हातात गेलं असतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

परवाना म्हणजे सुरक्षितता नव्हे, याची महाराष्ट्रातली उदाहरणं अलीकडचीच आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या २ तारखेला सत्ताधारी आमदारानं उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या खोलीत, मित्रपक्षाच्या नेत्यावर गोळ्या झाडल्या. सहाच दिवसांनी दहिसरला अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुक लाइव्ह चालू असताना खून झाला. मारेकऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर परवान्याचं होतं. आणि ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायानं आपल्या अधिकाऱ्याला आणि नंतर डब्याडब्यातून फिरत तीन मुसलमान प्रवाशांना मारलं, ती बंदूक तर सरकारचीच होती. त्या दिवशी मी पुण्याहून मुंबईला रेल्वेचा पास काढून फिरत होतो. आठवडाभर डब्यात शिरताना आधी गणवेशाकडे नजर जायची. तेव्हा मलाही वाटून गेलं होतं की आपल्याजवळ काहीतरी असावं. ते खोटं कशाला सांगू.

आता भाभी. आम्ही हॉलमध्ये ब्लॅक पँथरवर बोलत होतो तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "घर में बंदूक नक्को. इनका गुस्सा तुमकू मालूम नहीं. और बेटे का बारावी का निकाल बाकी है."

मी हसलो. ती हसत नव्हती.

अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८ हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांतली २६ हजारांवर आत्महत्या. निम्म्याहून जास्त. चोराला मारायला घेतलेली बंदूक बहुतेक वेळा चोरावर चालत नाही, घरातल्या माणसावर चालते. मराठवाड्याच्या माणसाला हे समजवायला आकडे लागू नयेत. आपल्या गोठ्यात, माळवदावर, फवारणीच्या औषधाचा डबा असतो. दोन वर्षांचं कर्ज असतं, पण निर्णय एका रात्रीचा असतो, पुष्कळदा एका तासाचा. त्या तासात डबा हाताशी असला तर माणूस जातो, नसला तर सकाळ होते. श्रीलंकेनं सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण वीस वर्षांत निम्म्याहून कितीतरी खाली आलं. कर्जं संपली नव्हती, दुःखं संपली नव्हती, फक्त हाताशी असलेलं साधन गेलं. फवारणीचं औषध पोटात गेल्यावर धाराशिवच्या किंवा सोलापूरच्या दवाखान्यात पोचायला वेळ तरी मिळतो. गोळी तोही देत नाही. भाभी हे एका वाक्यात बोलली होती, मला समजायला चौदा महिने टेक्सास आणि एक ईद लागली.

मग भाईजाननं करायचं काय? खंडणीचा फोन तर खराच होता. आम्ही त्या सुट्टीत एक गोष्ट केली. पुन्हा तक्रार लिहिली, या वेळी तारीख, वेळ, नंबर, कॉल रेकॉर्डिंग यांसह, आणि भारतीय न्याय संहितेचं खंडणीचं कलम ३०८ नावानिशी घालून. ठाण्यानं नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच माहिती टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, हे त्या कागदाच्या तळाशी लिहून ठेवलं. आणि एकटा गेला नाही. परिसरातले आणखी सहा क्रशरवाले सोबत गेले: एक मराठा, दोन वंजारी, एक धनगर, एक लिंगायत, एक आपला. त्यांतल्या चौघांना तेच फोन आले होते आणि कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक जण मनातल्या मनात पिस्तुलाचा भाव काढत होता. गुन्हा नोंदला गेला. अटक अजून नाही. फोन मात्र थांबलेत, सध्या तरी.

दुसरी गोष्ट मी माझ्यापुरती केली. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. जिल्ह्यात तालुकावार किती शस्त्र परवाने आहेत, गेल्या पाच वर्षांत किती अर्ज आले, किती मंजूर, किती नाकारले, नाकारण्याची कारणं कोणती, आणि मंजूर झालेल्यांपैकी किती जणांवर गुन्हे दाखल आहेत. नावं मागितली नाहीत. तीस दिवसांची मुदत परवा संपतेय. तुमच्यापैकी परभणी, लातूर, नांदेडची पोरं आलीत, त्यांनी आपापल्या जिल्ह्यात हाच अर्ज टाकावा, मसुदा मी देतो. आठ जिल्ह्यांचे आकडे एका तक्त्यात बसले की १९४८ चा प्रश्न पुन्हा विचारता येईल, कुणाची बंदूक चावडीवर गेली आणि कुणाची खुंटीवर राहिली. तक्ता बनवणं हे काम मला येतं.

परवान्याचा फॉर्म अजून माझ्या लॅपटॉपवर अर्धा भरलेला आहे. नाव, पत्ता, व्यवसाय भरून झालंय. 'शस्त्र कशासाठी हवे' हा रकाना रिकामा आहे. भाईजान अजून म्हणतो की माझा जीव, माझा धंदा, निर्णयही माझा. आणि तो वयानं मोठा आहे, फॉर्म त्याचा आहे, मी फक्त टायपिंग करणारा. आज रात्री मी त्याच्याकडेच मुक्कामाला आहे. जेवताना तो विचारणार. भाभीही तिथंच असेल.